मूल वाचायला लागले, म्हणून आपण थांबायचे नसते

माझी थोरली मुलगी दुसरीत असताना एके रात्री तिने माझ्या हातातले पुस्तक स्वतःकडे ओढून घेतले आणि गोष्टीचे उरलेले पान फारसे न अडखळता वाचून संपवले. मला त्या रात्री फार समाधान वाटले. हिचे वाचन आता मार्गी लागले, असे मी नवऱ्याला सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून झोपताना वाचून दाखवणे बंद केले. "आता तुझं तू वाच," असे मी तिला कौतुकानेच म्हणाले होते. चौथीची सहामाही येईपर्यंत ती पाठ्यपुस्तकाशिवाय काहीही वाचेनाशी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या लक्षात यायला आणखी दीड-दोन वर्षे गेली. ज्या पालकांची मुले आज पहिली-दुसरीत आहेत, त्यांची तरी ही वर्षे वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन मुले. थोरली आता नववीत आहे आणि मराठी माध्यमात शिकते. धाकटा चौथीत असून इंग्रजी माध्यमात आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची, त्यामुळे बालशिक्षणातली तज्ज्ञ म्हणून मी काही सांगत नाही. मात्र दोन मुलांच्या वाचनाची चौदा वर्षे मी घरात जवळून पाहिली आहेत, पहिल्या मुलीच्या वेळी काय चुकले ते दुसऱ्याच्या वेळी सुधारता आले आहे, आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे: मुलाला स्वतःला वाचता येऊ लागते त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षे त्याला वाचून दाखवण्याची गरज संपत नाही.

याचे कारण साधे आहे. सात वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढे समजते, तेवढे त्याला स्वतः वाचून समजत नाही. दुसरीतली मुलगी समुद्रात भरकटलेल्या होडीची चाळीस पानी गोष्ट ऐकताना श्वास रोखून बसते, त्यातल्या माणसांची भांडणे, भीती, लबाडी सगळे तिला उमगते. तीच मुलगी स्वतः वाचायला बसली की तिच्या आवाक्यात येते ती मोठ्या टायपातली, पानाला चार ओळी असलेली, मांजराची आणि उंदराची गोष्ट. ऐकण्याची समज पुढे आणि वाचण्याची मागे, हे अंतर साधारणपणे सातवी-आठवीपर्यंत हळूहळू भरून निघते. मी वाचून दाखवणे थांबवले त्या दिवशी तिला भरल्या ताटावरून उठवून पेजेच्या वाटीपाशी नेऊन बसवले, आणि वर तिला पेज आवडत नाही याचे मला आश्चर्य वाटत राहिले. तिच्या दृष्टीने वाचन म्हणजे आता कमी गंमत आणि जास्त कष्ट. आईशेजारी अंथरुणात मिळणारी अर्ध्या तासाची जवळीकही त्याबरोबर गेली, आणि तीही वाचता आल्याची शिक्षा म्हणून. मुलांना असे हिशेब बोलून दाखवता येत नाहीत, पण ती मनात मांडतात.

अगदी लहान वयाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या बाबतीत आपली जुनी घरे मुळातच श्रीमंत होती. बडबडगीते, उखाणे, भेंड्या, जात्यावरच्या ओव्या, श्रावणातल्या कहाण्या, हे सगळे वाचनाच्या आधीचे वाचनच आहे. शब्द आवाजांचे बनलेले असतात, ते तोडता येतात, जुळवता येतात, हे मुलाला भेंड्यांमधून जितके सहज कळते तितके कोणत्याही तक्त्यातून कळत नाही. सासूबाई श्रावणात दर शुक्रवारी कहाणी सांगतात आणि शेवटी "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणतात. धाकटा तीन वर्षांचा असल्यापासून हे शेवटचे वाक्य त्यांच्याबरोबर म्हणत आला आहे. साठा उत्तरांची म्हणजे काय, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते. परंतु गोष्टीला सुरुवात असते, ती वळणे घेते आणि एका ठरलेल्या जागी येऊन संपते, हे त्याला अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी समजले होते.

याच संदर्भात आमच्या बोलीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कोल्हापूरच्या घरांतला हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांमध्ये सापडत नाही. आमच्याकडे बायका आणि मुली स्वतःबद्दल बोलताना सर्रास 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणतात. 'जेवत आहे' असे आम्ही कोणी म्हणत नाही, 'जेवायलोय' म्हणतो. थोरली पहिलीत असताना एका गोष्टीतली मुलगी म्हणते, 'मी शाळेत जाते.' तिने मला तिथेच थांबवून विचारले, "आई, ही 'जाते' का म्हणायलीय?" मी तिला सांगितले की पुस्तकातल्या मुली तसे म्हणतात. तिने थोडा वेळ विचार केला आणि पुढे वाच म्हणाली. शाळेत मात्र तिने वहीत 'मी खेळतो' असे लिहिले तेव्हा त्यावर लाल फुली आली आणि वर्गात सगळे हसले. ती घरी येऊन बराच वेळ गप्प होती. घरची भाषा चुकीची आहे, असे मुलाला वाटू लागले की पुस्तकाची भाषा त्याला परक्याची वाटते आणि ते पुस्तकापासून दूर सरकते. रोज वाचून दाखवण्याचा एक मोठा फायदा असा की पुस्तकाची भाषा मुलाच्या कानावर लाडाच्या आवाजात, आईच्या किंवा बाबांच्या तोंडून पडत राहते. दोन्ही भाषा घरच्याच आहेत, एक बोलायची आणि एक लिहायची, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धाकटा आज आज्जीशी "मी वाचायलोय" असेच बोलतो आणि निबंधात "मी वाचत आहे" असे लिहितो, आणि त्याला त्यात काही अवघड वाटत नाही.

आता अक्षरांकडे वळते, कारण बहुतेक घरांत धीर सुटतो तो इथे. आपली लिपी शिकायला वेळ लागतो हे पालकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे मूल बालवाडीतच पाठ म्हणून दाखवते आणि आपण हरखून जातो. मराठीत मात्र प्रत्येक व्यंजनाची बाराखडी ओळखायची, म्हणजे काही शेकडा आकार डोळ्यांत बसवायचे. त्यात ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. जोडाक्षरांत कधी अर्धे अक्षर शेजारी येते, कधी खाली लटकते. एकटा 'र' जोडाक्षरात शिरला की 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' अशी चार रूपे घेतो. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' लिहायला एकच, पण म्हणायला निराळा, हे सांगणारे कोणतेही चिन्ह कागदावर नसते. ज्याने तो शब्द आधी ऐकला आहे त्यालाच तो बरोबर वाचता येतो. एवढे सगळे असताना दुसरीच्या दिवाळीत मूल अडखळते म्हणून आपण त्याच्यावर चिडतो, हे बरोबर नाही. उलट मराठीत एकदा हे आकार बसले की मूल बहुतेक नवे शब्दही वाचून काढू शकते.

धाकट्याने मराठी अक्षरे बहुतांशी घरीच, सासूबाईंच्या हाताखाली गिरवली. तो 'सूर्य' हा शब्द पहिल्यांदा वाचत होता ती दुपार मला स्पष्ट आठवते. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या आणि तो त्यांच्या पुढ्यात पालथा पडून पुस्तकावर बोट ठेवून वाचत होता. त्याचे बोट 'सू' वरून 'य' वर गेले आणि तो 'सूय' म्हणाला. मग त्याला वरचा रफार दिसला. बोट पुन्हा मागे आले. "सूयर," तो म्हणाला आणि त्याचा त्यालाच तो शब्द पटेना. मी ओट्यापाशी उभी होते आणि शब्द माझ्या ओठांवर आला होता, तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "लावायलाय न्हवं अक्षर? लावू दे की त्याला." आठ-दहा सेकंद गेली असतील, मला ती फार लांब वाटली. त्याने पानावरच्या चित्राकडे पाहिले, डोंगरामागून वर येणारा लाल गोळा पाहिला, आणि "सूर्य!" असे तो इतक्या मोठ्याने ओरडला की लसणाची साले उडाली. त्यानंतर रफार त्याला कधी शिकवावा लागला नाही.

त्या दुपारपासून मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. मूल शब्दापाशी अडले की मनात सावकाश दहापर्यंत मोजायचे आणि त्यानंतरही तो अडलेलाच असेल तर शब्द सांगून टाकायचा, कारण फार ताणले तर गोष्टीचा धागा तुटतो. अडलेला शब्द सुटला की ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून एकदा वाचायचे, म्हणजे तुकडे जोडले जाऊन अर्थ लागतो. एक पान त्याने, एक पान मी, अशी वाटणी केली की त्याचा थकवा कमी होतो आणि माझ्या पानावर त्याला चाल ऐकायला मिळते: कुठे थांबायचे, प्रश्न कसा विचारायचा, रागावलेला माणूस कसा बोलतो. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तरी नाही म्हणायचे नाही. आपल्याला कंटाळा येतो हे खरे आहे, पण ओळखीच्या मजकुरावरच मुलाचे वाचन सफाईदार होते, आणि 'मला हे येते' हा विश्वासही तिथेच मिळतो.

वेगाबद्दल सध्या पालकांमध्ये बरीच धास्ती दिसते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. शाळेला असे उद्दिष्ट हवेच. पण आमच्या गल्लीत मी मोबाइलवर वेळ लावून मुलाला वाचायला बसवणारे पालक पाहिले आहेत, आणि 'अर्थ समजून' हे दोन शब्द त्या घाईत गळून पडलेले असतात. अक्षरे ओळखण्यातच मुलाची सारी शक्ती खर्च होत असेल तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात त्याच्या ध्यानात राहत नाही, म्हणून वेग हवा असतो. घरी वेळ मोजण्याचे कारण नाही. वाचून झाल्यावर मूल हसले, चिडले किंवा पुढे काय झाले म्हणून विचारू लागले, तर त्याचे वाचन ठीक चालले आहे असे समजावे.

कोणत्या भाषेतून वाचावे, हा प्रश्न इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांना सतत पडतो आणि आम्हालाही पडला होता. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, तरी इंग्रजी शाळेत मराठीच्या वाट्याला तास किती येतात हे आपण जाणतोच. आमचे शेजारी धाकट्यासाठी मला आग्रहाने इंग्रजी गोष्टींची पुस्तके सुचवत असत, कारण इंग्रजी सुधारेल. मी प्रयत्न केला. पण इंग्रजी गोष्ट वाचून दाखवताना माझा आवाज सपाट होतो, मध्येच मी शब्दाला अडते, आणि मुलाने काही विचारले तर मला मराठीतच उत्तर द्यावे लागते. ज्या भाषेत आपल्याला रडता-हसता-रागावता येते त्या भाषेतच वाचून दाखवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. गोष्टीतल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे, पुढचा अंदाज बांधणे, न सांगितलेले समजून घेणे, हे एका भाषेत जमले की दुसऱ्या भाषेत वाचतानाही कामी येते. धाकट्याचे इंग्रजी वाचन मराठी गोष्टींमुळे मागे पडलेले मला दिसले नाही.

थोरलीच्या बाबतीत मी दुसरी चूक केली ती पाचवीत. तिने पुस्तकांकडे पाठ फिरवली आहे हे दिसत होते, शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ष होते, आणि शिकवणीच्या बाईंनी अवांतर वाचन वाढवा म्हणून सांगितले होते. मी कपाटाच्या दाराला एक तक्ता चिकटवला. दहा पाने वाचली की एक चांदणी, पन्नास चांदण्या झाल्या की रंकाळ्यावर आइस्क्रीम. दोन महिन्यांत तक्ता भरला आणि मी सगळ्या नातेवाइकांना दाखवला. नंतर एका रविवारी मी सहज तिला विचारले की त्या जाड पुस्तकातल्या मुलाचे शेवटी काय झाले. तिने मान खाली घातली. तिने पाने उलटली होती, पुस्तक वाचलेच नव्हते. मी तिला रागावले नाही, कारण पाने मोजायला तिला मीच शिकवले होते. तक्ता त्याच संध्याकाळी काढला.

त्यानंतर आम्ही तिला करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन गेलो. हे ग्रंथालय १८५० सालचे आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, त्याच्याही आधी सहा दशकांहून अधिक काळ या शहरात पुस्तके घरी नेऊन वाचायची सोय होती. मला या दोन सालांचा विचार नेहमी एकत्रच सुचतो, कारण शाळेत पाठवणे दंडाच्या भीतीने करून घेता येते, पण पुस्तक घरी नेऊन वाचणे कोणत्याही कायद्याने करून घेता येत नाही. तिथे मी थोरलीला एवढेच सांगितले की पुस्तक तू निवडायचेस आणि मी काही बोलणार नाही. तिने पहिल्यांदा विनोदांचे एक पातळसे पुस्तक उचलले. दुसऱ्या वेळी भुतांच्या गोष्टी. तिसऱ्या वेळी पुन्हा भुते. मला मनातून चांगल्या लेखकांची, संस्कारांची पुस्तके तिच्या हातात ठेवावीशी वाटत होती, आणि मी ती इच्छा गिळली. पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यात परत करायची मुभाही दिली. मोठ्यांना ही मुभा असते, मुलांना मात्र आपण ताटातले संपवायला लावतो तसे पुस्तकही संपवायला लावतो. सहा-सात महिन्यांनी भुतांचा भर ओसरला आणि तिने एका शिकाऱ्याच्या अनुभवांचे पुस्तक आणले, ते दोन दिवसांत संपवले आणि तिसऱ्या दिवशी आपणहून ते मला सांगत बसली.

त्याच सुमारास मी तिला पुन्हा वाचून दाखवू लागले. तिला अकरावे वर्ष लागले होते आणि मला भीती होती की ती याला बाळबोधपणा समजेल. तसे काही झाले नाही. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याच्या निमित्ताने ती शेजारी येऊन पडू लागली, आणि त्याला झोप लागल्यावर "अजून थोडं वाच" असे म्हणणारी तीच असे.

घरात पुस्तक कुठे असते याला फार महत्त्व आहे, असे मला वाटते. आमच्याकडे आधी सगळी पुस्तके दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दिसतील अशी मांडलेली होती आणि कपाटाला कुलूप होते. आता मुलांची पुस्तके उशाशी, जेवणाच्या जागेजवळच्या फळीवर आणि दुचाकीच्या डिकीत असतात. ती फाटतात, त्यांच्यावर आमटी सांडते. पुस्तकांना पैसे लागतात हे खरे, परंतु आज ती अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याची किंमत कमी असते आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर लहान मुलांच्या सचित्र मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ सालच्या 'मनोरंजन'च्या अंकापासूनची आहे. फराळाच्या यादीत मोठ्यांच्या अंकांबरोबर मुलांचा एक अंक लिहिला की मुलांना तो आपल्या हक्काचा वाटतो. आणि आपण स्वतः काही वाचताना त्यांना दिसायला हवे. आम्ही दोघे संध्याकाळभर मोबाइल हातात धरून मुलांना वाचायला सांगत होतो, ते दिवस मला आज आठवू नयेत असे वाटते.

वाचन म्हणजे गोष्टीचेच पुस्तक, असा माझा जो समज होता तो धाकट्याने एका पावसाळ्यात मोडला. जुलै महिना लागला की पंचगंगेच्या काठच्या पेठांमध्ये सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो, "पाणी किती फुटावर आहे?" राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी सोसले आहेत त्यांच्या मनावर हे दोन आकडे कोरलेले आहेत. तिसरीत असताना धाकट्याने ते वर्तमानपत्रात शोधून आज्जीला मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम स्वतःकडे घेतले. पहिल्या दिवशी त्याने फक्त आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी आज्जीने "मग धरणाचं काय लिवलंय?" म्हणून विचारले आणि त्याला पुढच्या ओळी वाचाव्या लागल्या. 'राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले' या वाक्यातल्या 'स्वयंचलित'पाशी तो अडला आणि त्याने ते तुकडे करून वाचले. मग 'विसर्ग', मग 'क्युसेक'. क्युसेक म्हणजे काय, ते मला नीट सांगता आले नाही, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून शोधले: सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८ लिटर. त्याने न्हाणीघरातल्या बादल्यांकडे पाहून हिशेब केला की एक क्युसेक म्हणजे एका सेकंदात आपल्या जवळजवळ दोन बादल्या, आणि बातमीतला हजारांचा आकडा पुन्हा वाचून तो गप्प झाला. त्या आठवड्यात त्याने जितके अवघड शब्द वाचले तितके वर्षभराच्या पाठ्यपुस्तकात नसतील, कारण शेजारच्या खोलीत आज्जी उत्तराची वाट बघत होती आणि माळ्यावर सामान चढवायचे की नाही हे त्याच्या वाचनावर ठरत होते.

शेजारचा एक मुलगा पुस्तकाला हात लावत नाही म्हणून त्याची आई काळजीत असते. तो फुटबॉलचा वेडा आहे आणि हंगामात आपल्या आवडत्या संघाच्या सामन्याचा वृत्तांत शब्दन् शब्द वाचतो, गोल कोणी कितव्या मिनिटाला केला हे तोंडपाठ सांगतो. तो वाचत नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याच वाटेने, खेळाडूंच्या चरित्रांकडून, त्याला पुढे नेता येईल.

वाचल्यानंतर काय बोलावे, यावर मात्र मी स्वतःला पुष्कळ आवरायला शिकले आहे. गोष्ट संपली की "तात्पर्य काय?" असे विचारायची आपल्याला जुनी खोड आहे. त्या प्रश्नाने मुलाला कळते की ही परीक्षाच होती. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजनआनंद विद्यालयामुळे मुलाच्या अनुभवाला आणि प्रश्नांना शिक्षणात मान देण्याचा विचार आमच्या शहराला परका नाही, तरी घराघरांत आपण अजून गाळलेल्या जागा भरायलाच लावतो. आमच्याकडे पुस्तकांवरचे बोलणे चपात्या लाटताना किंवा दुचाकीवरून येता-जाता होते. "तो खोटं का बोलला असेल गं?", "तू असतीस तर सांगितलं असतंस?" एवढेच विचारायचे आणि उत्तर आले नाही तर सोडून द्यायचे. कधीकधी उत्तर दोन दिवसांनी, भलत्याच वेळी येते.

एक गोष्ट न विसरता सांगायला हवी. सगळे प्रेमाने करूनही दुसरी-तिसरीपर्यंत मूल तीच अक्षरे उलटसुलट करत असेल, ओळ सोडून जात असेल, वाचायचे म्हटले की पोटात दुखते असे सांगत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि नंतर वाचन-अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. तो आळस नव्हे आणि बुद्धीचा कमीपणाही नव्हे. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण मदत त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी. आणि अशा मुलाला तर वाचून दाखवणे दुपटीने आवश्यक असते, म्हणजे अक्षरांशी त्याची झुंज चालू असताना गोष्टींचे जग त्याला पारखे होत नाही.

नववीतल्या मुलीला आता मी वाचून दाखवत नाही. तिला तिची खोली हवी असते, तिची पुस्तके मी न विचारता पाहिलेली तिला चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. या वयात पालकाने करायचे काम थोडे उरते: ग्रंथालयाची वर्गणी वेळेवर भरणे, ती वाचत असताना हाक न मारणे, तिने दिलेले पुस्तक खरोखर वाचणे. धाकट्याला मात्र रोज रात्री साडेनऊला अर्धा तास वाचते. गेल्या आठवड्यात कार्यालयातून यायला उशीर झाला होता, डोळे मिटत होते, म्हणून पावसाचे वर्णन असलेला एक लांबलचक परिच्छेद मी हळूच सोडून दिला आणि पुढच्या संवादावर गेले. धाकट्याच्या लक्षात आले नाही. पलीकडच्या खोलीत थोरलीचा दिवा जळत होता, दार किलकिले होते, आणि ती भूगोलाचा अभ्यास करते आहे अशी माझी समजूत होती.

"आई," आतून आवाज आला, "पाऊस गाळलास तू."